बी.कॉम.ला ४९ टक्के पडलेत आणि लॉ करायचंय? मग मार्कशीट घेऊन बसा

माझे बी.कॉम.चे टक्के ४९.२. दशांशासकट सांगतोय कारण पुढे सगळं त्या दशांशावरच अडतं किंवा सुटतं. रिझल्ट लागला आणि घरी म्हटलं लॉ करतो, तर बाबा म्हणाले आधी ताळेबंद तरी कधी जुळला का तुझा, आणि आई म्हणाली मामाच्या दुकानात बस वर्षभर, मग बघू. तरी एका कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने मार्कशीट उलटसुलट बघितली आणि परत देत म्हणाला, "यंदा मेरिट वर जातंय हां, बघ बाबा." मी फॉर्मच घेतला नाही. कदंबाच्या बसात बसलो आणि फोंड्याला घरी आलो. ऑगस्टमध्ये कळलं की आमच्याच वाड्यावरचा एकजण ४८ वर लागला, कारण वरच्या पोरांना दुसरीकडे मिळालं, ती सीट सोडून गेली आणि लिस्ट खाली सरकली. म्हणजे माझे टक्के पुरले असते, फॉर्म तेवढा भरलेला नव्हता.

तर हे सगळं ४५ ते ५५ च्या मधल्या लोकांसाठी. ६५ वाल्यांनी इथे वेळ घालवू नये, सरळ जाऊन फॉर्म भरावा.

आधी टक्के नीट काढा

बार काउन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे लीगल एज्युकेशनचे रूल्स आहेत. त्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवीला किमान ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४०. देशातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजला याच्या खाली उतरता येत नाही, वर चढता येतं. त्यामुळे ४३ वर जनरलमध्ये "आपली ओळख आहे, करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि निघा. ॲडमिशन होईलही कदाचित, पण ती कधीही रद्द होऊ शकते आणि तोवर भरलेली फी कोण परत देणार?

४४.९७ म्हणजे ४५ नव्हे. हे वाचून हसू येईल पण लोक खरंच राऊंड ऑफच्या भरवशावर राहतात. समजा तुमची सगळी मिळून बेरीज ३६०० पैकी आहे, तर ४५ टक्के म्हणजे १६२० मार्क. १६१९ असतील तर तुम्ही बाहेर. म्हणून कागद-पेन घेऊन सगळ्या सेमिस्टरची बेरीज स्वतः करा, मार्कशीटवरच्या छापील आकड्यावर जाऊ नका, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये बघा की ते कुठले मार्क धरतात, सगळ्या वर्षांचे की शेवटच्या वर्षाचेच. यात चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. माझंच बघा, पहिल्या वर्षी ४३ होते आणि शेवटच्या वर्षी ५६, मधल्या काळात काय अक्कल आली देव जाणे.

सीजीपीए वाल्यांची वेगळी भानगड. कोणीतरी सांगतं साडेनऊने गुणा. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीसाठी होतं, तुमच्या डिग्रीशी त्याचा संबंध नाही. तुमच्या विद्यापीठाचं जे कन्व्हर्जन आहे तेच चालतं आणि ते लेखी लागतं. गोवा युनिव्हर्सिटी असेल तर ताळगाव पठारावर जाऊन परीक्षा विभागात अर्ज करून सही-शिक्क्याचं पत्र आणा, फॉर्म निघायच्या आधीच आणा, कारण फॉर्म निघाले की तिथे जत्रा असते.

आणि ४५ च्या खाली असाल तर? आधी कॅटेगरी बघा. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना २००३ पासून एसटीचा दर्जा आहे, तरी कितीतरी घरात मुलांचे दाखलेच काढलेले नसतात, मग ४१ टक्के असलेला मुलगा उगाच घरी बसतो. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमिलेअर सर्टिफिकेट लागतं आणि इथे एक मेख आहे: राज्याची ओबीसी यादी वेगळी, केंद्राची वेगळी. दिल्ली-बनारसच्या परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि तेही चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे १ एप्रिलनंतरचं. कॅटेगरी नसेल तर तुमच्या विद्यापीठात पेपर सुधारायला परत बसता येतं का ते बघा. एक दोन पेपर परत देऊन ४४ चे ४६ करणं हे सहा महिन्यांचं काम आहे, रडत बसण्यापेक्षा बरं.

डिस्टन्सने पदवी केली असेल तरी घाबरू नका, रूल्समध्ये ती चालते. अट इतकीच की त्याआधी दहावी-बारावी रीतसर झालेली पाहिजे. बारावी न करता थेट ओपन युनिव्हर्सिटीत पदवी घेतली असेल तर मात्र अडचण आहे. वयाचं म्हणाल तर बार काउन्सिलने ३० ची मर्यादा घातली होती, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. माझ्या वर्गात बँकेतून रिटायर झालेले एक काका होते आणि ते आमच्यापेक्षा जास्त लेक्चरं बसायचे.

कुठलं दार कुठला आकडा मागतं

हे समजलं की अर्धं काम झालं. काही ठिकाणी टक्क्यांवर मेरिट लागते, तिथे ४९ वाला ६२ वाल्याच्या मागेच राहणार. काही ठिकाणी टक्के फक्त दारातून आत सोडायला लागतात, आत गेल्यावर रँक ठरते ती परीक्षेवर, आणि तिथे ४९ आणि ८९ सारखेच. आपण काय करतो, तर घराजवळच्या दारात उभे राहतो आणि बाकीची दारं बघतच नाही.

घराजवळची म्हणजे पणजीला मिरामारचं साळगावकर लॉ आणि मडगावचं कारे लॉ, दोन्ही कॉलेजं गोवा युनिव्हर्सिटीची. दोन्हीकडे फॉर्म भरा. उत्तर गोव्यातल्या पोरांना मडगाव लांब वाटतं आणि दक्षिणेतल्यांना पणजी, म्हणून एकच फॉर्म भरतात, हा आळस आहे. प्रॉस्पेक्टस हातात आलं की फी वगैरे नंतर बघा, आधी मेरिट कशी काढणार तो परिच्छेद काढून तीन वेळा वाचा: किती वजन कशाला, गोव्याच्या विद्यार्थ्यांना किती जागा, दुसरी-तिसरी लिस्ट कधी. ती तारीख मोबाईलमध्ये टाका. खालच्या टक्क्यांची ॲडमिशनं पहिल्या लिस्टला होत नाहीत, शेवटच्या लिस्टला होतात, आणि शेवटच्या लिस्टच्या दिवशी जो ओरिजिनल कागद आणि फीचे पैसे घेऊन हजर असतो त्याची होतात.

मग बेळगाव. गोव्यातून पूर्वीपासून लोक तिथल्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजला जातात, ते हुबळीच्या कर्नाटक स्टेट लॉ युनिव्हर्सिटीकडे जोडलेलं आहे. मराठी बोलणारं गाव, खानावळी स्वस्त, चोर्ला घाटातून बस. पावसात दरड पडली की अडकता, पण ते चालायचंच.

महाराष्ट्रात जायचं तर एमएच-सीईटी लॉ द्यावी लागते. कोल्हापूरचं शहाजी लॉ, पुण्याचं आयएलएस, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, सगळी याच परीक्षेतून. पदवीला ४५ असले की बस, पुढे रँक सीईटीवर. आपल्या लोकांसाठी यात दोन चांगल्या गोष्टी आहेत, पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. वाईट गोष्ट ही की गोव्याचे उमेदवार महाराष्ट्राबाहेरचे धरले जातात, बाहेरच्यांसाठी १५ टक्के जागा, आणि तिथलं आरक्षण तिथल्याच उमेदवारांना. म्हणजे गोव्यात ओबीसी असून ४३ टक्के असतील तर त्या भरवशावर महाराष्ट्रात जाऊ नका, तिथे तुम्हाला ४५ च लागणार.

दिल्ली युनिव्हर्सिटीची लॉ फॅकल्टी सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून घेते, बनारसलाही हीच परीक्षा चालते. दिल्लीला जनरलला ५० टक्के लागतात, म्हणजे माझ्या ४९.२ ला दार बंद. पण तिथे एक खिडकी उघडी आहे, पदवीला ५० नसतील तर पदव्युत्तरचे ५० चालतात. एम.कॉम. करून ५५ काढलेत तर बी.कॉम.चं कोणी विचारत नाही. आधीच एम.ए., एम.कॉम. झालेले कितीतरी लोक हे न कळल्यामुळे फॉर्म भरत नाहीत.

आणि शेवटचं म्हणजे बेंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल. नाव ऐकूनच आपण मागे सरतो. तिथे २०२२ पासून तीन वर्षांची एलएल.बी. सुरू झालीये, त्यासाठी त्यांची स्वतःची एनएलसॅट परीक्षा असते आणि पदवीला लागतात फक्त ४५ टक्के! आपल्या गल्लीतल्या कॉलेजच्या मेरिटला न पुरणारे टक्के देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या लॉ स्कूलच्या फॉर्मला पुरतात, ही गंमत मला फार उशिरा कळली. परीक्षा अवघड आहे आणि फी लाखांत आहे हेही खरं. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिच्या अटी ॲडमिशनच्या आधी वाचून ठेवा.

माझं मत विचाराल तर ४५ ते ५० वाल्यांनी गोव्यातली दोन, बेळगाव, एमएच-सीईटी आणि जमलं तर एनएलसॅट, असे पाच फॉर्म भरावेत. पैसे जातात, पण वाया गेलेलं वर्ष त्याहून महाग पडतं.

परीक्षेची तयारी, म्हणजे खरं काम

ढोबळ कॅलेंडर असं: हिवाळ्यात, म्हणजे जत्रा-कालोत्सव चालू असतात तेव्हा फॉर्म निघतात, सीयूईटी पीजी साधारण मार्चात होते, एनएलसॅट आणि एमएच-सीईटी त्याच्या पुढेमागे उन्हाळ्यात. दरवर्षी तारखा हलतात, पण डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा तिन्ही वेबसाईट उघडायची सवय ठेवा. शेवटच्या वर्षाला असाल आणि रिझल्ट यायचा असेल तरी परीक्षेला बसता येतं, ॲडमिशनच्या वेळी मार्कशीट आणि टक्के दाखवावे लागतात. एटीकेटी असेल तर ती आधी काढा बाबांनो, बॅकलॉग राहिला की रँक येऊनही उपयोग नाही.

मी सकाळी एका सीएच्या ऑफिसात व्हाउचर चिकटवायचो आणि रात्री दोन तास बसायचो, सहा महिने. क्लास लावला नाही, पैसे नव्हते. लावायला हरकत नाही, पण क्लासवाल्याने दिलेली पुस्तकं कुठल्या सालची आहेत ते बघा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा जुना कायदा, गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खून म्हणजे ३०२ हे डोक्यातून काढा, आता कलम १०३. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय, म्हणजे "चारसो बीस" ही शिवी कायद्याने कालबाह्य झाली. फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याच्या एव्हिडन्स ॲक्टच्या जागी साक्ष्य अधिनियम. रद्दीच्या दुकानातून आणलेली जुनी गाईडं अजून फिरतायत, त्यावरून पाठ करून गेलात तर मार्कही जातील आणि पुढे पहिल्या वर्षाला परत सगळं विसरावं लागेल.

लीगल रीझनिंगला पाठांतर कमी लागतं. एक नियम देतात, एक प्रसंग देतात, तो नियम त्या प्रसंगाला लावायचा. आपल्याला नियम पटला नाही तरी लावायचा, आणि इथेच आपण गोवेकर मार खातो, कारण आपल्याला प्रत्येक गोष्टीत स्वतःचं मत असतं. रोज पाच-सात प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या उत्तराखाली आपण का चुकलो हे एका ओळीत लिहा. महिन्याभरात लक्षात येतं की आपण एकाच प्रकारे परत परत चुकतो. मी नेहमी प्रसंगातल्या गरीब माणसाच्या बाजूने उत्तर द्यायचो.

इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचा. मराठी शाळेतून आलेल्यांना हे सांगतोच, कारण सीईटीचा पेपर मराठीत सोडवाल, पण पुढे गोव्यात कॉलेजची परीक्षा, कोर्टातले प्लीडिंग (म्हणजे लेखी मांडलेली बाजू), निकाल सगळं इंग्रजीत. जनरल नॉलेजसाठी मराठी पेपर चालतो, फक्त तिसऱ्या पानावरच्या पंचायतीच्या भांडणात अडकू नका, देशाचं पान वाचा. राज्यघटना मात्र मन लावून वाचा, निदान मूलभूत हक्क आणि कोर्टांची प्रकरणं.

आता अंदाजाने उत्तर देण्याचं गणित. एमएच-सीईटीत निगेटिव्ह नाही, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सीयूईटीत बरोबरला ४, चुकीला उणे १. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्या दोनातून एक ठोकण्यात सरासरी दीड मार्काचा फायदा आहे, मग सोडायचं कशाला? पूर्ण अंधारात मारलात तरी गणित थोडंसं तुमच्याच बाजूने आहे, पण दोन-चार मार्कांसाठी जीव धाकधूक करायला लावण्यात अर्थ नाही, तो वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्या.

एनएलसॅटचे दोन भाग असतात, एक पर्यायांचा आणि एक लिहायचा, आणि पहिल्यात वर आलात तरच दुसरा तपासतात. लिहायच्या भागात गोव्याच्या माणसाकडे हक्काची शिदोरी आहे. समान नागरी कायद्यावर काहीही विचारलं की देशभरातली पोरं "गोव्यात तो आहेच" असं एक वाक्य लिहून पुढे जातात. तुम्हाला त्यापुढचं माहीत पाहिजे. पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७ चा, गोवा मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने चालू राहिला. लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या काही रूढींना वेगळी सवलत दिली होती, अगदी ठराविक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाचीसुद्धा, म्हणजे तो वाटतो तितका "समान" नव्हता. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलाय, तो लागू झाला डिसेंबर २०१६ मध्ये. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात गोव्याचं कौतुक केलं होतं. एवढं नीट मांडलंत तर तपासणारा थांबून वाचेल. आपल्या घरातली इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची, केस आपण कटकट म्हणून बघतो, ती इथे कामाला येते.

टक्क्यांच्या बाजूला ठेवायला काहीतरी

काही खाजगी युनिव्हर्सिट्या मुलाखत घेतात किंवा "लॉ का करायचंय" असं लिहून मागतात. तिथे "मला लहानपणापासून न्यायाची आवड" असलं काही लिहू नका. टक्के कमी का पडले ते एका वाक्यात सरळ सांगा आणि पुढे जा, आजारपणाच्या गोष्टी रचू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा-लीगल व्हॉलंटिअर होता येतं, त्याला लॉची डिग्री लागत नाही. नाहीतर गावातल्या एखाद्या वकिलाकडे दोन महिने फुकट बसा. मी बसलो होतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा कसा वाचायचा, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि कूळ यात फरक काय, मामलेदाराकडे काय चालतं आणि सिव्हिल कोर्टात काय, हे तिथे शिकलो. शिवाय हेही कळलं की हे काम म्हणजे निम्मा वेळ तारखेची वाट बघणं. ते बघूनही आवडलं तर या.

सावधगिरीचं थोडं

ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजचं नाव बार काउन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, स्वतः बघा. "हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या" म्हणणाऱ्या कॉलेजपासून लांब राहा. रूल्सप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते, पत्राने किंवा ऑनलाईन एलएल.बी. करून वकिलीची सनद मिळत नाही. नोकरी करणाऱ्यांनी कॉलेजची वेळ आणि आपली ड्युटी आधी जुळवून बघा, सरकारी नोकरीत असाल तर परवानगी लेखी घ्या. जज्जच व्हायचं डोक्यात असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आधी तीन वर्षं वकिली करावी लागते, तो हिशोब आत्ताच धरा.

कागद

एक प्लास्टिकची फाईल करा. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, नापास झालेल्यासुद्धा. कन्व्हर्जनचं पत्र. दहावी-बारावी. मामलेदाराकडचा रेसिडेन्स दाखला, हा गोव्यातल्या जागांसाठी लागतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. नावात गडबड असेल, म्हणजे मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं, तर ती आत्ताच सुधारा. आपल्याकडे "गावकर" तीन तऱ्हेने लिहितात आणि त्यावरून माझ्या एका मित्राची ॲडमिशन दोन दिवस लटकली होती. बेळगाव, कोल्हापूर, दिल्ली कुठेही जाणार असाल तर गोवा युनिव्हर्सिटीचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, त्याचा अर्ज फायनल रिझल्ट लागल्याच्या आठवड्यातच करून टाका, आणि ते हातात येईपर्यंत अर्जाची पोचपावती त्याच फाईलमध्ये ठेवा, काही कॉलेजं तेवढ्यावर तात्पुरती ॲडमिशन देतात.